मध आणि तीन आठवडे

आमच्या नात्यात एक गोष्ट ठरून गेली होती, की माझी बायको थोरल्या मुलीच्या सल्ल्यामुळे गेली. थोरली इंग्लंडला एका हॉस्पिटलात नर्स आहे. आई खोकत होती तेव्हा तिने तिकडून फोनवर सांगितलं, काही नाही, मध घे, तीन आठवड्यांत जाईल. आणि आई गेली. मेव्हणे असं सांगायचे, शेजारी सांगायचे, आणि पुढे पुढे माझ्यासमोर सांगतानाही कोणाला संकोच वाटेनासा झाला. मी ऐकून घ्यायचो. ती तसं म्हणाली नव्हती. हे दोघांनाच माहीत होतं, तिला आणि मला. आणि ती बोलत नव्हती.

ते कसं झालं ते लिहितो. एका बैठकीत सगळं लिहायची ताकद आता नाही. जमेल तसं लिहितो.

आम्ही कांजूरमार्ग पूर्वेला राहतो. मी जवळच्याच एका कंपनीच्या स्टोअर्समधून निवृत्त झालो. बायको कुडाळकडची, उभी हयात मुंबईत काढून घरात मालवणीच बोलायची. थोरली शिकून नर्स झाली, लग्नानंतर नवऱ्याबरोबर तिकडे गेली, आणि आमच्या बिल्डिंगला फुकटची डॉक्टर मिळाली. रविवारी दुपारी आमची जेवणं उरकलेली असायची, तिकडे तिची सकाळ असायची, तेव्हा व्हिडिओ कॉल यायचा. थोडा वेळ आमचा. मग बेल वाजायची.

"काय हो काका, ताई आल्या का लाईनवर?" दुसऱ्या मजल्यावरच्या काकी रिपोर्टची पिशवी घेऊन उभ्या.

थोरली वैतागायची. "काकी, ही गोळी मला माहीतच नाही. इथे या नावाची मिळत नाही."

"अगं, मग तिथे काय देतात ते सांग ना."

"तिथे तुम्ही कुठे आहात, काकी?"

तरी ती सांगायची, आणि सांगताना दर वेळी एकच धडा लावायची. इथे ताप आला की लोक घरातली ब्रुफेन घेतात आणि झोपतात, तुम्ही पावसाळ्यात तसं करू नका, तिथे डेंग्यू असतो, साधी पॅरासिटामॉल घ्या आणि रक्त तपासा. काकींच्या नवऱ्याने मोबाईलवर कुठलातरी तक्ता बघून जाहीर केलं होतं की त्यांचं वजन एकदम बरोबर आहे. ती म्हणाली, "काका, ते गोऱ्यांचं माप. आपल्या लोकांना शुगर त्याच्या बरीच आधी गाठते. तुम्ही वजन सोडा, पोट मोजा."

"मोजायचं कशाला?" काकी म्हणाल्या. "यांच्याआधी दारातून तेच येतं."

मला या दरबाराचा फार अभिमान होता. ज्यांना रविवारी जमायचं नाही त्यांचे प्रश्न मी लक्षात ठेवायचो आणि तिची उत्तरं खाली नेऊन पोचवायचो. ती पाच वाक्यं सांगायची. जिना उतरेपर्यंत त्यातली दोन उरायची, आणि ती बहुधा मला आवडलेली असायची. हे तिच्या लक्षात आलं होतं. एकदा म्हणाली, "बाबा, मी जे सांगते ना, त्याच्यामागे इथलं सगळं असतं. इथली हवा, इथले रोग, पेशंटने कळवलं की त्याला उलट फोन करणारा डॉक्टर. ते काही फोनमधून तुमच्याकडे येत नाही. नुसतं वाक्य येतं. आणि तुम्ही ते पण अर्धं करता."

मी हसलो होतो.

मधाचं असं झालं. वरच्या मजल्यावरचं एक पोर खोकत होतं. डॉक्टरांनी एकदा अँटिबायोटिक दिलं, मग दुसरं दिलं, पोराची आई रडकुंडीला आलेली. थोरलीने पोराला स्क्रीनसमोर उभं केलं, जेवतो का, खेळतो का, ताप आहे का, सगळं विचारलं. पोर तिच्याशी बोलता बोलता सोफ्यावर उड्या मारत होतं. तेव्हा ती म्हणाली की साधा व्हायरल दिसतोय, असल्या खोकल्याला तीन आठवडेसुद्धा लागतात, कोमट पाणी द्या, थोडा मध द्या, थांबा. पोर बरं झालं. आणि मी त्याचा कायदा केला. दुधाच्या केंद्रावर, गेटजवळच्या बाकावर, जो खोकेल त्याला मी ऐकवायचो: इंग्लंडला खोकल्याला औषध देतच नाहीत. मध आणि तीन आठवडे.

बायकोचा खोकला दिवाळीनंतर सुरू झाला. आमच्याकडे खोकल्याचं कोणाला विशेष वाटत नाही. वारा फिरला की कचऱ्याच्या डम्पिंगचा वास घरात शिरतो, लोक खिडक्या लावून घेतात आणि घसा साफ करत बसतात. तीही म्हणायची, "माका काय झाला नाय. डम्पिंगचो धूर गेलो घशात." त्यात धाकट्याचं लग्न ठरलेलं, माघातली तारीख धरलेली, मुलगी मुलुंडची. घरात पत्रिका, आहेर, साड्या. खोकायला फुरसत कोणाला?

पण लग्नासाठी शिवलेले ब्लाऊज तिला सैल व्हायला लागले. शिंप्याने एकदा आत घेऊन दिले, तेही सैल झाले. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "काकू, डायटिंग करताय काय पोराच्या लग्नासाठी?" ती लाजली. संध्याकाळी तिचं अंग कोमट लागायचं. पहाटे उशीचा अभ्रा ओला असायचा, ती तो मुकाट्याने धुवायला टाकायची. मी बघत होतो.

मी ते ओळखलं होतं. हे आधी लिहायला हवं होतं. माझे वडील गिरणीत होते आणि मी लहान असताना ते याच खोकल्याने गेले. चाळीत त्यांची खाट बाहेर गॅलरीत लावलेली असायची. जर्मनचं ताट वेगळं, पेला वेगळा. आत्याचं ठरलेलं लग्न त्यामुळे मोडलं, आणि मोडलं म्हणून कोणी बोललंसुद्धा नाही, ते लोक फक्त यायचे थांबले. तो आवाज मी पुढे कधी विसरलो नाही. आमच्या स्वयंपाकघरातून तोच आवाज येत होता, आणि मी पत्रिकांवर नावं घालत होतो.

गल्लीतले आमचे डॉक्टर म्हणाले, "काकूंची थुंकी तपासून घ्या. एक एक्स-रे काढा. महापालिकेच्या दवाखान्यात फुकट होतं." बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, यांचं काय जातं सांगायला, यांचं कमिशन असतं. फुकट होणाऱ्या तपासणीत कसलं कमिशन, हे तिने विचारलं नाही. तिला दम लागला होता.

त्या रविवारी थोरलीनेच विषय काढला. "आई बारीक का दिसतेय?" मी फोन घेऊन गॅलरीत गेलो.

"लग्नाची धावपळ. आणि खोकतेय थोडी."

"किती दिवस?"

"असेल आठ-दहा दिवस." महिना उलटून गेला होता.

"संध्याकाळी ताप?"

"नाही."

"रात्री घाम?"

"नाही गं."

ती माझ्याकडे बघत असावी, मी समोरच्या बिल्डिंगकडे बघत होतो. मग म्हणाली, "बाबा, नीट ऐका. इथली पेशंट असती तर मी म्हटलं असतं थांबू या. पण आई इथे नाही, कांजूरला आहे. आपल्याकडे दोन आठवडे खोकला राहिला की थुंकी तपासायची. आणि तिला शुगर आहे, तिची तर त्याच्याही आधी. वरच्या पोराला सांगितलेलं तिला लावू नका. उद्या घेऊन जा. घाबरू नका. वेळेवर कळला तर पूर्ण बरा होतो तो. आता पूर्वीसारखं नाही."

'तो' म्हणाली. नाव तिनेही घेतलं नाही. "जातो उद्या," मी म्हणालो.

आत बायको ओट्याला टेकून उभी होती. लेकीला ती चेडूच म्हणायची. "काय म्हणाला चेडू?"

मी म्हणालो, "साधा आहे म्हणाली. व्हायरल. तीन आठवडे लागतात. मध घे."

तिचा चेहरा इतका सैलावला की मला पुढे काही बोलता येईना. तिलाही भीती वाटत असणार, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. "बरा," ती म्हणाली. "माझा चेडू म्हणता म्हणजे बरोबरच. आता तेका परत परत त्रास दिव नकात. लगीन होऊंदे."

गावाहून आलेली मधाची बाटली तिने वरच्या फळीवरून काढली. रोज सकाळी चमचाभर घ्यायची. घेताना डोळे मिटायची. शुगर असलेली बाई, चहा बिनसाखरेचा पिणारी. थोरलीने सांगितलंय म्हणून.

पुढच्या रविवारी थोरलीने रिपोर्ट विचारला. मी म्हणालो, क्लिअर आला. फोटो पाठवा म्हणाली. मी म्हणालो, लग्नाच्या पसाऱ्यात कुठे ठेवलाय बघतो. दुसऱ्या रविवारी तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा बघतो म्हणालो. रजा न मिळाल्यामुळे तिला लग्नाला येता आलं नाही. आली असती तर तिने दारातूनच आईला दवाखान्यात नेलं असतं, आणि खरं सांगायचं तर तिला रजा मिळाली नाही तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

लग्न झालं. आहेर घेताना बायको पदर तोंडाशी धरून उभी होती. फोटोत ते मायेने भरून आल्यासारखं दिसतं. सत्यनारायण झाला आणि दोन दिवसांनी बेसिनमध्ये रक्त पडलं. हॉस्पिटलात सांगितलं की दोन्ही फुप्फुसांत पसरलाय. औषधं सुरू झाली, पण शुगर चढलेली, अंगात काही उरलेलं नव्हतं. होळीच्या आधी गेली.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये मेव्हण्यांनी मला विचारलं, "भावोजी, इतके दिवस करत काय होता तुम्ही?"

मी म्हणालो, "थोरलीला विचारलं होतं."

एवढंच बोललो. वाक्य खरं होतं. बाकीचं त्यांच्या बायकोने, वहिनींनी, पुरं केलं: "तिने मध घ्यायला सांगितला ना. वन्संच सांगत होत्या मला लग्नात." मेव्हण्यांनी कपाळावर हात मारला आणि त्या क्षणापासून ती गोष्ट तयार झाली. मला काही करावं लागलं नाही. नुसतं गप्प राहावं लागलं.

थोरली तिसऱ्या दिवशी पोचली. मेव्हणे भर घरात तिला म्हणाले, "बाय, तुझं इंग्लंड तुझ्याकडेच ठेव आता." ती माझ्याकडे वळली. मी दिव्याची वात पुढे सरकवत होतो. वात नीट होती. ती बारा दिवस राहिली, सगळ्यांचं ऐकत राहिली. निघायच्या दिवशी बॅगा टॅक्सीत चढल्यावर खालच्या आवाजात विचारलं, "रिपोर्ट काढलाच नव्हता ना?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि बसली.

त्यानंतर ती आलेली नाही. फोन दर रविवारी करायची. जेवलात का, गोळ्या घेतल्या का. काकी एकदा रिपोर्ट घेऊन आल्या तर म्हणाली, "मला नाही माहीत, काकी. तिथल्या डॉक्टरांना विचारा." तिला माहीत होतं. इतकं साधं होतं की मलाही माहीत होतं. काकी पिशवी घेऊन परत गेल्या आणि जिन्यात कोणालातरी म्हणाल्या, आता कशी शहाणी झाली. मला दार लावून घेता आलं असतं. मी ते ऐकत उभा राहिलो.

बायकोच्या यंदाच्या श्राद्धाला मेव्हण्यांची नात पेढे घेऊन आली. तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. पानं वाढायला घेतली होती. पूजा दिसावी म्हणून थोरलीचा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता, ती स्क्रीनवर तिथल्या स्वयंपाकघरात कपडे बदलून बसली होती. मेव्हणे पेढा तोंडात टाकून नातीला म्हणाले, "शीक. तिकडे जा, पाहिजे ते कर. फक्त फोनवरून औषधं सांगू नको. माझी बहीण गेली तशी."

"आजोबा, गप ना यार," पोरगी पुटपुटली. फोनकडे तिचं लक्ष होतं.

थोरलीने चष्मा काढला आणि पुसायला घेतला. पुसतच राहिली.

मला वाटतं मी थकलो म्हणून बोललो. धीर वगैरे काही नव्हता. ते वजन धरून ठेवणारा हातच सुटला. म्हणालो, "तिने सांगितलं नव्हतं."

"काय?"

"मध. तिने मध सांगितला नव्हता. तो मी सांगितला. तिने थुंकी तपासायला सांगितली होती, दुसऱ्या दिवशी ने म्हणाली होती. मी नेलं नाही. तिला खोटं सांगितलं आणि तिच्या आईलापण खोटं सांगितलं." मग मला उगीच राग आला. "शुगर असलेल्या आईला नर्स मुलगी मध घ्यायला सांगेल का? इतकी वर्षं कोणाच्या डोक्यात आलं नाही?"

मेव्हणे म्हणाले, "तुम्ही येऊ दिलंत?"

 

"पण का?" वहिनी म्हणाल्या.

मी धाकट्याकडे पाहिलं. "लग्न ठरलं होतं," मी म्हणालो. त्याच्या हातात वरणाचं पातेलं होतं, ते त्याने खाली ठेवलं आणि गॅलरीत निघून गेला.

सून स्वयंपाकघराच्या दारात आली होती, हात ओले. ती शांतपणेच बोलली. "माझ्या पप्पांना झाला होता टीबी. मी शाळेत होते. गोळ्या घेतल्या पूर्ण, बरे झाले, आता रोज मॉर्निंग वॉकला जातात. आम्हीपण सांगितलं नाही तुम्हाला. मम्मीने बजावलं होतं, लग्न होईपर्यंत तोंड उघडायचं नाही." मग म्हणाली, "विचारायचं तरी ना, बाबा. आम्ही काय पळून जाणार होतो?"

 मेव्हणे उठले. पान वाढलेलं होतं, ते जेवायला बसले नाहीत. चपला घालायला दारापर्यंत गेले, आणि परत आत आले. फोनसमोर वाकून उभे राहिले. त्यांना कमी दिसतं, स्क्रीनच्या अगदी जवळ गेले.

"बाय, जेवलंस काय गो?"

"नाही मामा," थोरली म्हणाली. "इथे सकाळ आहे."

"हां. सकाळ," ते म्हणाले, आणि गेले.

थोरलीने त्या दिवशी लगेच फोन ठेवला. ड्युटी आहे म्हणाली. धाकटा अजून बोलत नाही. सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवतो आणि कप टेकल्याचा आवाज होतो, तेवढंच आमचं बोलणं. तो काही चुकीचं करतो असं मला वाटत नाही. नात्यात आता नवी गोष्ट फिरू लागली आहे, आणि परवा कानावर आली तेव्हा ती थोडी बदललेली होती. तिच्यात आम्ही नवराबायकोने मिळून लपवलं होतं आणि बायकोला सगळं माहीत होतं. बायकोला माहीत नव्हतं. ती मुलीच्या शब्दावर विश्वास ठेवून मध घेत होती, आणि तो मुलीचा शब्द नव्हता. तोंडी निरोप जिन्यात कसा बदलतो ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? म्हणून हे लिहून ठेवलं.

गेल्या रविवारी दुपारी बेल वाजली. काकी दारात. हातात पिशवी नव्हती. "काका, रागावू नका. आमचे हे खोकतायत. ताईंना विचारलं तर चालेल का?"

थोरली लाईनवरच होती. मी सवयीने फोन उचलून सांगायला सुरुवात केली, "अगं, काकांना जरा खोकला—"

"बाबा, फोन काकींच्या हातात द्या."

"मी सांगतो ना नीट."

"नाही. त्यांच्या हातात द्या. आणि तुम्ही आत जा."

मी दिला. आत जाऊन ओट्याशी उभा राहिलो. करण्यासारखं काही नव्हतं, सूनबाईने सगळं आवरलेलं होतं. बाहेरून थोरलीचा आवाज येत होता, बऱ्याच दिवसांनी तसा, थोडा वैतागलेला.

"काकी, आधी मला सांगा, खोकला सुरू होऊन किती दिवस झाले? खरे दिवस सांगा हं. आणि काकांनाच बोलवा ना वर, मला दिसू दे त्यांना."

 काकी पुटपुटत दिवस मोजू लागल्या.